खांदेरीची बत्ती : १६० वर्षांची वाटचाल

मुंबई बंदराच्या तोंडाला दोन बाजू आहेत. उत्तरेला कुलाब्याचा दांडा आणि त्याच्या पुढे पाण्याखाली पसरलेली खडपे. दक्षिणेला अलिबाग तालुक्यातील थळचा किनारा आणि त्यासमोर भर समुद्रात खांदेरी-उंदेरीची जोडी. यांपैकी थोरल्या खांदेरीच्या दक्षिण टेकडीवर जून १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. जून २०२७ मध्ये त्याला १६० वर्षे पूर्ण होत आहेत. सरकारी कागदांत त्याचे नाव ‘कान्होजी आंग्रे दीपगृह’ असे आहे. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मात्र आजही ‘खांदेरीची बत्ती’ म्हटले की सगळे समजते.

खांदेरीवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक किल्ल्याविषयी, आणि ते योग्यच आहे. पण किल्ल्याने युद्धे पाहिली ती सुमारे १४० वर्षे. बत्तीने त्याहून अधिक काळ, एका रात्रीची रजा न मागता, समुद्राची सेवा केली आहे. शतकोत्तर हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्या सेवेचा आणि ती करणाऱ्या माणसांचा आढावा घेणे हे आमचे कर्तव्य आहे.

पूर्वपीठिका (१६७९ ते १८६०)

दीपगृहासाठी खांदेरीची जागा इंग्रजांनी निवडली, पण तिचे मोल प्रथम ओळखले ते छत्रपती शिवाजी महाराजांनी. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवता येईल अशी ही जागा. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी यांनी सुमारे दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन बेटावर बांधकामाला हात घातला. इंग्रजांनी आरमार पाठवून वेढा दिला. सप्टेंबरातल्या चकमकीत त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या मराठा आरमाराने इंग्रजांवर चाल केली, तेव्हा ‘डोव्हर’ हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागले. एकीकडे लढाई चालू असताना दुसरीकडे तटाचे दगड रचले जात होते. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि पुढची कित्येक वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर तोफा रोखून राहिली.

पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळात खांदेरी हे आरमाराचे बळकट ठाणे झाले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने बेटावर मोठी मोहीम काढली, तीही फसली. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, बेट इंग्रजांकडे गेले. त्यानंतर किल्ल्याला लढाईचे काम उरले नाही.

बंदराला मात्र वेगळीच चिंता होती. मुंबईकडे येणाऱ्या जहाजाला सर्वांत मोठा धोका होता तो पावसाळ्यातल्या अंधारातून बंदराचे तोंड शोधण्याचा. जून १८४० मध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड कॅसलरे’ ही दोन मोठी जहाजे ऐन पावसाळ्यात मुंबई बंदराच्या तोंडाशी येऊन खडकांवर फुटली. किनारा दिसत असताना माणसे बुडाली. कुलाब्याच्या टोकावर तेव्हा जुने दीपगृह होते, पण एकट्या दिव्याने काम भागत नव्हते. एक दिवा दिसला की तो कोणत्या दिशेला आहे एवढे कळते, आपण त्याच्यापासून किती दूर आहोत ते कळत नाही. दुसरा दिवा दिसला की दोन्ही दिशांच्या रेघा नकाशावर ओढायच्या. त्या जिथे छेदतात तिथे आपले जहाज. बंदराच्या दक्षिण अंगाला असा दुसरा पक्का दिवा हवा होता. चौल-अलिबागपासून थळपर्यंतच्या खडकाळ किनाऱ्यापासून जहाजांना दूर ठेवण्यासाठीही तो हवा होता. ही दोन्ही कामे एकट्याने करू शकेल अशी जागा एकच होती, खांदेरी.

१८६० ते १८७० : स्थापना

हे दशक मुंबईच्या इतिहासात विलक्षण म्हणावे लागेल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. बंदरात जहाजांची रीघ लागली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शहरातल्या पेढ्या धडाधड बुडाल्या. खांदेरीचे दीपगृह उभे राहिले ते या पडझडीच्या लगोलग. पैशाची इतकी ओढाताण असतानाही हे काम रखडले नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदवावी अशी आहे. व्यापार वर-खाली होतो, खडक तिथेच राहतात, हे त्या वेळच्या कारभाऱ्यांना पटले होते.

बांधकाम काही सोपे नव्हते. बेट किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत. चुना, लाकूड, लोखंडी सामान, कंदिलाची काच, सारे होड्यांतून आणायचे, लाटांच्या हेलकाव्यात खडकावर उतरवायचे आणि टेकडीवर चढवायचे. भिंगे तर फारच जपून आणावी लागत. त्या काळी अशी भिंगे इंग्लंड आणि फ्रान्समधल्या मोजक्या कारखान्यांत होत. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात ही रचना शोधून काढली होती. एकच जाडजूड भिंग घेण्याऐवजी काचेच्या लोलकांची कडी एकावर एक रचायची, म्हणजे वर-खाली वाया जाणारा उजेड वळून क्षितिजाकडे जातो. वात तेवढीच, पण तिचा उजेड कित्येक मैलांवर पोचतो.

एकमजली इमारतीतून वर निघालेला, सुमारे ७५ फूट उंचीचा, अष्टकोनी दगडी मनोरा जून १८६७ मध्ये तयार झाला. पावसाळा तोंडावर असताना दिवा लागला हे फार चांगले झाले. ज्या महिन्यात २७ वर्षांपूर्वी दोन जहाजे फुटली होती, त्याच महिन्यात खलाशांना हा आधार मिळाला.

या कामात अभियंत्यांचे श्रेय मोठे आहेच. त्यांच्याबरोबर पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार, ओझी वाहणारे मजूर आणि होड्या हाकणारे आपले कोळी बांधव यांचेही तितकेच श्रेय आहे. इतिहासाच्या पुस्तकांत गव्हर्नर भेटतात, गवंडी भेटत नाहीत. मनोऱ्याचा प्रत्येक दगड मात्र त्यांच्या हातून गेलेला आहे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपातून येणारी आगबोट थेट मुंबईकडे वळली. दीपगृह वेळेवर झाले होते याची खात्री दोनच वर्षांत पटली.

१८७० ते १९०० : भावंडांची साथ

१८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली आणि बंदराच्या कारभाराला एक घडी बसली. पुढे खांदेरीचा दिवाही याच छत्राखाली आला. १८७५ मध्ये अभियंता टॉमस ऑर्मिस्टन यांच्या देखरेखीखाली कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकांवर प्राँग्ज दीपगृह पूर्ण झाले. १८८४ मध्ये बंदराच्या आतल्या अंगाला संक रॉकचा दिवा आला. डॉल्फिन खडकावरचा दिवा तर १८५६ पासूनच होता. म्हणजे खांदेरी आणि प्राँग्ज यांनी बंदराचे तोंड दाखवायचे आणि आतल्या दिव्यांनी नांगराच्या जागेपर्यंत हात धरून न्यायचे, अशी साखळी वीस वर्षांच्या आत तयार झाली. ऑर्मिस्टन यांनीच पुढे प्रिन्सेस डॉक बांधला. त्यांचा पुतळा मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या आवारात आहे.

त्या काळात बत्ती सांभाळणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीने समजून घ्यायला हवे. बत्तीवाल्याचा दिवस मावळतीला सुरू होई. दिवे तेलाचे. वात नीट कापलेली नसेल तर धूर धरते, धुराची काजळी काचेवर बसते आणि काजळी बसली की उजेड अर्ध्यावर येतो. म्हणून रात्रभर पाळीपाळीने जागायचे, ज्योत निरखायची, तेल पाहायचे. उजाडले की दिवा मालवायचा आणि मग खरे काम सुरू. भिंगाच्या कंदिलात शिरून एकेक लोलक मऊ फडक्याने पुसायचा. पितळेला चकाकी आणायची. बाहेरच्या तावदानांवर रात्रीतून साचलेले मीठ गोड्या पाण्याने धुवायचे, आणि बेटावर गोडे पाणी तर मोजून वापरायचे. काचेला हाताचा डाग लागता कामा नये. दिवसा सूर्याचे ऊन भिंगातून एकवटून आतले सामान पोळू नये म्हणून पडदे ओढून घ्यायचे. शेवटी नोंदवहीत दिवा लावल्याची आणि मालवल्याची वेळ, वारा, पाऊस, दृष्टीस पडलेली जहाजे टिपून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच.

पावसाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. कोकणात घरोघर आगोट भरतात, तशी बत्तीवरही भरावी लागे. तांदूळ, डाळ, सुकी मासळी, मीठमसाला, तेलाची पिंपे, जळण, सारे मेअखेर वर चढवून ठेवायचे. जूनमध्ये समुद्र एकदा खवळला की होडी लागण्याचा भरवसा नाही. कुणी आजारी पडले तर समोर थळचा किनारा दिसत असायचा, पण जायला वाट नाही. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राला नारळ वाहिला जाई, तेव्हा त्या सणाचा आनंद बत्तीवरच्या माणसांना इतरांपेक्षा काकणभर जास्तच होत असणार.

१९०० ते १९४७ : आगबोटींचा काळ

विसाव्या शतकाच्या आरंभी जगभरच्या दीपगृहांत वातीची जागा दाबाखालच्या तेलाच्या वाफेवर जळणाऱ्या जाळीच्या दिव्यांनी घेतली. पेट्रोमॅक्स ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो प्रकार लगेच कळेल. तेल कमी लागू लागले आणि प्रकाश कितीतरी वाढला. पुढे विजेच्या दिव्याने तेलाची कटकटच संपवली.

कोकणच्या माणसाचा आणि खांदेरीचा संबंध घट्ट झाला तो याच काळात. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णैहून निघालेला चाकरमानी बोटीने मुंबईला येई. रात्रभर डेकवर वळकटी टाकून पडलेल्या माणसांना पहाटे खांदेरीचा दिवा दिसला की मुंबई जवळ आली हे कळे. मग बोचकी आवरायची, पोरांना उठवायचे. गिरणगावात आयुष्य काढलेल्या किती कुटुंबांची मुंबईशी पहिली ओळख या दिव्याने करून दिली असेल, त्याची गणती होणार नाही.

१९२७ मध्ये भारतीय दीपगृह कायदा झाला. देशभरच्या किनाऱ्यावरील सर्वसाधारण दीपगृहे एका छत्राखाली आणण्याची सोय त्याने केली. बंदरांचे स्थानिक दिवे बंदरांच्या कारभारातच राहिले. २१ सप्टेंबर हा दिवस त्याच कायद्याच्या स्मरणार्थ आज भारतीय दीपगृह दिन म्हणून पाळतात.

या कालखंडातली सर्वांत दुःखद आठवण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात, काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक जण अलिबाग-रेवस परिसरातले, घरी सणाला निघालेले. घटना भरदिवसा घडली. तिथे कोणतीही बत्ती कामाला येणारी नव्हती. पण हा किनारा आपला इतिहास सांगू लागला की ‘रामदास’चे नाव आल्याशिवाय राहत नाही, आणि या स्मरणिकेतही त्या सर्वांना आदरांजली वाहणे उचित आहे. वाचलेल्यांपैकी अनेकांना पाण्यातून काढले ते कोळी बांधवांनी. खांदेरीला होड्या नेणारी माणसे याच समाजातली.

१९४७ ते १९८० : स्वतंत्र भारतात

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, दिवा तोच राहिला. आपल्या माणसांनी तो त्याच काटेकोरपणे सांभाळला. भारतीय नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतल्या आपल्या किनारी तळाला ‘आंग्रे’ हे नाव दिले आणि १९६८ मध्ये एका पाणबुडीचे नाव ‘खांदेरी’ ठेवले. ज्या बेटाने एकेकाळी मुंबईच्या इंग्रजांची झोप उडवली, त्याचे नाव भारतीय नौदलात सन्मानाने घेतले जाऊ लागले.

१९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि समुद्रातल्या वाहतुकीचे रूपच पालटले. मालाची जहाजे होतीच, आता तेलविहिरींकडे ये-जा करणाऱ्या नौकांची भर पडली. यांत्रिक मचवे आल्यामुळे मासेमारीही खोल पाण्यात गेली. या सगळ्यांना बत्ती लागत होती.

१९८० ते २००० : नवे बंदर, नवे नाव

१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. कंटेनरची अवाढव्य जहाजे याच तोंडातून आत येऊ लागली. याउलट कोकणच्या प्रवासी बोटी हळूहळू बंद पडल्या आणि खांदेरीला रोज पाहणारी डेकवरची माणसे एसटीने जाऊ-येऊ लागली.

१९९८ मध्ये बेटाला आणि दीपगृहाला सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. नामकरण, बेटाचा ताबा, पर्यटनाची जबाबदारी यांवर वेळोवेळी निरनिराळी मते मांडली गेली. त्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. सर्वांनाच बेटाची काळजी होती, म्हणूनच मते होती. इंग्रजांना ज्यांच्याकडून हे बेट जिंकता आले नाही, त्यांचेच नाव इंग्रजांनी बांधलेल्या दीपगृहाला लाभले, हा या बत्तीच्या इतिहासातला सर्वांत समाधानाचा प्रसंग होय.

२००० ते आजपर्यंत

नव्या शतकात जहाजावर उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रे आली. दीपगृहे आता हवीत कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. उत्तर समुद्रानेच दिले. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले आणि रायगडच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना त्याची झळ बसली. यंत्रे असतानाही अपघात होतात. यंत्र बिघडते, त्याचा संकेत हरवतो. डोळ्यांना दिसणारा पक्का दिवा हा शेवटचा आधार असतो, आणि लहान होडीतल्या माणसाला तर तो पहिलाच आधार असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची नजरही वाढवण्यात आली. अनेक दीपगृहांवर रडार आणि जहाजे ओळखणारी यंत्रणा बसली. ज्या मनोऱ्यांनी दीडशे वर्षे जहाजांना आपण दिसावे एवढेच काम केले, ते आता जहाजे पाहू लागले.

२०१९ मध्ये नौदलाची नवी ‘खांदेरी’ पाणबुडी मुंबईत दाखल झाली. २०२१ मध्ये १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन सागरी नौकानयन साहाय्याचा नवा कायदा आला. त्याच सुमारास पोर्ट ट्रस्टचे मुंबई पोर्ट प्राधिकरण झाले आणि बेटावर दीपगृह-पर्यटनाच्या योजनेला चालना मिळाली. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तील बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्या पंगतीत खांदेरी बसली.

आज थळहून होडीने बेटावर गेले की धक्क्यापासून जवळच वेताळाचे मंदिर लागते. शेंदूर-चुन्याने रंगवलेली भली मोठी शिळा हाच देव. कोळी समाजाची त्याच्यावर अपार श्रद्धा. समुद्रात मिळालेल्या माशांच्या करवतीसारख्या लांब सोंडा त्याला वाहिलेल्या दिसतात. पुढे एक खडक आहे, त्यावर लहान दगडाने ठोकले की धातूच्या भांड्यासारखा नाद येतो. तटावर तोफा आहेत, त्यांतल्या काही चाकांच्या लोखंडी गाड्यांवर अजून शाबूत आहेत. अशा गाड्यांसकट टिकलेल्या तोफा आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतात. आणि टेकडीवर बत्ती. शिवकालीन तट आणि एकोणिसाव्या शतकातले दीपगृह शेजारी-शेजारी, दोन्ही वापरातून घडलेले. यांतले एक जपायचे आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायचे, असे होता कामा नये. जागतिक वारशाचा मान किल्ल्याला मिळाला आहे, पण खांदेरीवर येणाऱ्याला किल्ल्याइतकीच बत्तीचीही माहिती मिळाली पाहिजे. मनोऱ्याच्या पायथ्याशी जुनी उपकरणे, नोंदवह्या, छायाचित्रे यांचे छोटे दालन झाले, तर या महोत्सवाचे सार्थक होईल.

त्यासाठी सर्वांना एक विनंती. ज्यांचे आजोबा, पणजोबा खांदेरीवर बत्तीवाले, खलाशी, तांडेल, गवंडी किंवा स्वयंपाकी म्हणून होते, ज्यांच्या घरच्या होड्यांनी बेटावर शिधा आणि पाणी पोचवले, त्यांनी घरातल्या जुन्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. नेमणुकीचा कागद, पगाराची पावती, पितळी बिल्ला, एखादा जुना फोटो, काहीही चालेल. कागद नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकिगत लिहून काढावी, आणि लिहिणे जमत नसेल त्यांनी निदान मोबाइलवर बोलून ठेवावी. मूळ वस्तू तुमच्याच घरी राहू द्याव्यात, नक्कल स्मरणिका समितीकडे द्यावी. आणि बेटावर जाल तेव्हा तोफांवर नावे कोरू नका, प्लास्टिक मागे ठेवू नका, भरतीची वेळ नाखव्याला विचारूनच परतीला निघा.